फ्रोझन बासा की ताजा जिताडा? घरी इटालियन बेक्ड फिश करताना काय चाललं, काय नाही

ऑक्टोबरपासून आत्तापर्यंत आमच्याकडे पंधरा-सोळा वेळा तरी बेक्ड फिश झालंय, इटालियन चवीचं, म्हणजे ऑलिव्ह ऑइल, लसूण, टोमॅटो, ऑलिव्ह, केपर्स (खारवलेल्या कळ्या, पुढे सांगते) असं सगळं घालून. पहिले चार-पाच वेळा वाईट झालं, नंतर जमत गेलं. ह्या सगळ्यात जे जे विकत आणलं, बासाची पाकिटं, ओटीजी (टेबलावर ठेवायचा छोटा विजेचा ओव्हन), टिनचे टोमॅटो, केपर्स-ऑलिव्हच्या बरण्या, त्याबद्दल एकदाच नीट लिहून टाकते, कारण सुरुवातीला पैसे बरेच गेले आणि कोणी आधी सांगितलं असतं तर निम्मे वाचले असते.

सुरुवात कुठून झाली ते सांगते. २०१९ ला आम्ही इटलीच्या टूरला गेलो होतो, ग्रुप टूर, त्यामुळे रोज रात्री वरण-भात-भाजी मिळायची आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही, आमच्याबरोबर वयस्कर मंडळी होती त्यांना ते हवंच होतं. पण नेपल्सला एक संध्याकाळ मोकळी मिळाली आणि आम्ही दोघं एका छोट्या खानावळीत शिरलो. तिथे अख्खा ब्रान्झिनो आला, खाली बटाट्याच्या चकत्या, वर लिंबू, आणि वेटरने टेबलाजवळ उभं राहून दोन चमच्यांनी मधला काटा असा अलगद उचलून बाजूला ठेवला की आम्ही बघतच राहिलो. मसाला काहीच नाही. मीठ, तेल, लिंबू, एवढंच, आणि तरी मासा गोड लागत होता. नवरा पेणचा आहे, तो पहिला घास घेऊन म्हणाला, "अगं हा तर आपला जिताडाच." तेव्हा मी हसले होते. नंतर कळलं की फारसा चुकला नव्हता, ब्रान्झिनो म्हणजे युरोपातला सी बास आणि आपला जिताडा म्हणजे हॉटेलवाले मेन्यूवर एशियन सी बास लिहितात तो. जात वेगळी आहे, पण मांस तसंच पांढरं, घट्ट आणि मोठ्या पापुद्र्यांचं.

पण जिताडा काय रोज मिळत नाही, आणि मिळाला तर महाग, म्हणून सुरुवात फ्रोझन बासा फिलेटपासून केली.

बासाबद्दल लोक एक तर फार वाईट बोलतात किंवा फार चांगलं, मला दोन्ही पटत नाही. हा गोड्या पाण्यातला मासा आहे, पंगेशियस म्हणतात तो, व्हिएतनामच्या मेकाँग नदीच्या भागात शेती होते आणि आपल्याकडे आंध्रच्या तळ्यांमध्येही. काटा नाही, वास नाही, मुलं खातात, वर्षभर मिळतो. चव अगदी सौम्य, जवळजवळ नाहीच म्हणा, आणि इटालियन टोमॅटो सॉससाठी ते एका अर्थी सोयीचंच आहे. अडचण एकच आहे आणि ती मोठी आहे, पाणी. मी एक किलोचं पाकीट आणलं, रात्रभर फ्रीजमध्ये चाळणीवर ठेवून वितळवलं आणि सकाळी वजन केलं तर ८०० ग्रॅमच्या थोडंसं खाली भरलं. मासा सुकू नये म्हणून त्यावर बर्फाचा पातळ थर देतात, त्याला ग्लेझिंग म्हणतात, ते चुकीचं नाही, पण ग्लेझिंग किती टक्के आणि ते सोडून वजन किती हे पाकिटावर स्पष्ट हवं आणि माझ्या पहिल्या पाकिटावर ते इतक्या बारीक अक्षरात होतं की मोबाईलचा टॉर्च लावून वाचावं लागलं. शिवाय घटकांच्या यादीत फॉस्फेट असेल (ई ४५१, ई ४५२ असे नंबर दिसतात) तर तो मासा आत पाणी धरून ठेवतो आणि ओव्हनमध्ये गेला की सगळं एकदम सोडतो. आता मी घटकांत फक्त मासा आणि पाणी किंवा नुसता मासा लिहिलेलं पाकीटच घेते, थोडं महाग पडतं पण ट्रेमध्ये तळं होत नाही.

त्याच पाकिटावर मागे रेसिपी होती, १८० डिग्रीला २५ मिनिटं. तसं केलं. मासा पांढऱ्या पाण्यात उकडून निघाला, टोमॅटोचा सॉस पातळ झाला, वर टाकलेलं चीज रबरासारखं. लेक म्हणाली, "आई, हे हॉस्पिटलचं जेवण आहे का?" ती आठ वर्षांची आहे, खोटं बोलत नाही, आणि मला खरंच वाईट वाटलं कारण चारशे रुपयांचा मासा आणि तितकंच बाकीचं सामान त्यात गेलं होतं.

मग हळूहळू लक्षात आलं की ह्या पदार्थात सगळं पाण्यावरच अडतं. मासा पाणी सोडतो, टोमॅटो पाणी सोडतो, आणि ओटीजी लहान असल्यामुळे ती वाफ आतच फिरत राहते, म्हणजे आपण बेक करतोय असं वाटतं पण प्रत्यक्षात मासा वाफवला जातो. एकदा हे कळलं की मग प्रत्येक वस्तू ह्याच नजरेने बघायची, ही पाणी वाढवतेय की कमी करतेय.

तर बासाचं माझं आत्ताचं असं आहे. पूर्ण वितळवायचा, घाईने गरम पाण्यात नाही. मीठ लावून पंधरा-वीस मिनिटं तिरक्या ताटात ठेवायचा, जे पाणी सुटेल ते फेकायचं, आणि मग स्वच्छ फडक्याने अगदी कोरडा टिपायचा, पाटवडीचं ताट पुसतो तसा हलक्या हाताने, कारण बासा लगेच तुटतो. ट्रे आधीच ओव्हनमध्ये तापलेला असला पाहिजे. आणि २२० डिग्री, १२ ते १४ मिनिटं, बस. परदेशी स्वयंपाकात माशाचा एक जुना हिशोब आहे, सगळ्यात जाड भागाला इंचाला दहा मिनिटं, तो साधारण बरोबर येतो, फक्त आपल्या लहान ओव्हनला दोन-तीन मिनिटं जास्त धरायची. सुरीचं टोक घालून बघायचं, काचेसारखं दिसणारं मांस पांढरं झालं आणि पापुद्रे सरकायला लागले की बंद. ज्यांच्याकडे थर्मामीटर आहे त्यांनी मध्यभागी ६३ डिग्री बघावं.

असा केलेला बासा, चांगला सॉस असेल तर, पाचपैकी साडेतीन स्टार. नुसत्या लिंबू-तेलात केला तर दोनच, कारण त्याला स्वतःचं काही सांगायचं नसतं.

ओटीजीचं सांगते. माझा २८ लिटरचा आहे, १५०० वॅटचा, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मला वाटतं ह्या किमतीतले बरेचसे असेच असतील. चांगलं म्हणजे वर आणि खाली दोन्ही रॉड वेगवेगळे लावता येतात, आणि अख्खा पाऊण किलोचा मासा तिरका ठेवला की बसतो. वाईट म्हणजे नॉबवर २२० लावलं की आत खरोखर २०० च असतं, हे मला तीनशे-साडेतीनशेचं ओव्हन थर्मामीटर आत टांगल्यावर कळलं. हा माझ्या सगळ्या खरेदीतला सगळ्यात उपयोगी पैसा. आता मी नॉब २४० ला ठेवते. प्रीहीटला मॅन्युअल दहा मिनिटं म्हणतं, मी वीस देते. शेवटची तीन मिनिटं फक्त वरचा रॉड, म्हणजे वरून थोडे तपकिरी डाग येतात आणि उरलेलं पाणीही आटतं. मधेच एकदा दार उघडून वाफ जाऊ द्यायची, उष्णता थोडी जाते पण फायदा जास्त आहे, चेहरा मात्र लांब ठेवा. विजेचं म्हणाल तर प्रीहीट धरून दीड युनिटच्या आतच भागतं. वासाची ज्यांना काळजी आहे (आमच्या वरच्या मजल्यावरच्यांना आहे) त्यांच्यासाठी, नंतर वाटीत पाणी आणि लिंबाच्या साली घालून दहा मिनिटं ओव्हन गरम करायचा, वास बऱ्यापैकी जातो. त्याच ओव्हनमध्ये दुसऱ्या दिवशी नानकटाई केली, कोणाला काही कळलं नाही. चार स्टार.

आता टोमॅटो. आपल्या बाजारातला हायब्रीड टोमॅटो आंबट आणि पाणीदार, नुसते काप करून माशावर ठेवले तर परत तेच तळं. त्यामुळे लिव्होर्नो पद्धतीचा सॉस करायचा असेल (लिव्होर्नो हे टस्कनीतलं बंदर आहे, तिथे मासा लसूण-टोमॅटो-पार्सलीच्या दाट सॉसमध्ये शिजवतात) तर सॉस आधी गॅसवर पूर्ण आटवायचा. किती, तर आपण कांदा-टोमॅटोचा मसाला परततो तसा तेल सुटेपर्यंत. हे एक वाक्य मी बघितलेल्या कुठल्याच पाश्चात्त्य रेसिपीत नव्हतं आणि आपल्याला ते लहानपणापासून माहीत असतं! टिनमधले सोललेले इटालियन टोमॅटो घेतले, ४०० ग्रॅमचा टिन दीडशेच्या आसपास, गर दाट आणि आंबटपणा कमी, वीस मिनिटांत सॉस तयार. सान मार्झानो लिहिलेले आणखी महाग येतात, ते नेपल्सजवळच्या भागातले, पिझ्झाला फरक पडत असेल पण केपर्स आणि ऑलिव्ह घातल्यावर माशात मला तरी वेगळा ओळखू आला नाही. रोजच्यासाठी साधा टिनही पुरे, आणि टिन नको असेल तर आपलेच पिकलेले टोमॅटो अर्धे करून आधी अर्धा तास ओव्हनमध्ये भाजून घ्या, चव एकवटते.

केपर्सची बरणी अडीचशेला आणली तेव्हा घरात सगळ्यांनी विचारलं हे मिरीचं लोणचं आहे का. ह्या एका झुडपाच्या न उमललेल्या कळ्या असतात, खारवलेल्या, आणि राजस्थानी लोक ज्याचं लोणचं घालतात तो केर ह्याच कुळातला, फक्त तिथे फळ वापरतात. थोडी गंमत म्हणून एकदा केरचं मीठपाण्यातलं लोणचं धुवून, ठेचून घातलं, कडसर झालं पण वाईट नाही. केपर्स मात्र खरंच घ्या, एक चमचा पुरतो, बरणी फ्रीजमध्ये कित्येक महिने टिकते, आणि बासासारख्या मिळमिळीत माशाला तो खारट-आंबट झटका लागतोच. वापरण्याआधी धुवा. त्याउलट काळ्या ऑलिव्हच्या चकत्यांची ती स्वस्त बरणी घेऊ नका, त्यांना रबर आणि मीठ यापलीकडे चव नसते, बी असलेले हिरवे किंवा जांभळट ऑलिव्ह घ्या आणि हाताने ठेचून बी काढा.

ते "इटालियन सीझनिंग" म्हणून विकतात ते मिश्रण मी दोन वेगवेगळ्या ब्रँडचं आणलं. दोन्हींना पिझ्झाच्या पाकिटातल्या ओरेगॅनोचा वास. मासा, मटण, पास्ता काहीही करा, एकच चव. दीड स्टार. त्यापेक्षा ताजी पार्सली भाजीवाल्याला सांगून ठेवली की आणून देतो, ती आणि लसूण आणि लिंबाची किसलेली साल एकत्र चिरून शेवटी वर घालायची, गरम माशावर पडली की सगळ्या घरात वास पसरतो. बेझिल हवं असेल तर एक गोष्ट सांगते, आपला सब्जा म्हणजे गोड बेझिलचंच बी. फालुद्यासाठी आणलेलं मूठभर मी कुंडीत टाकलं आणि दोन महिन्यांत झुडपं आली, बाजारच्या बेझिलपेक्षा जरा उग्र, लवंगेकडे झुकणारी, पण टोमॅटोबरोबर छान. तुळस घालू नका, ती वेगळी आणि तिचा काढा होतो.

आणि चीज. मला माहितेय आपल्याकडे बेक्ड म्हटलं की चीज आलंच, व्हाइट सॉस आलाच, मुंबई-पुण्याच्या हॉटेलांनी आपल्याला बेक्ड डिश अशीच शिकवली. पण इटलीत मासा आणि चीज सहसा एकत्र आणत नाहीत (अपवाद आहेत, दक्षिण इटलीत पुलियाकडे शिंपले-तांदूळ-बटाट्याच्या थरांत पेकोरिनो, म्हणजे मेंढीच्या दुधाचं चीज, घालतात), आणि एकदा चीजशिवाय खाऊन बघितल्यावर मला कारण पटलं, चीज घातलं की मासा दिसेनासाच होतो. वर कुरकुरीत काही हवं असेल तर शिळ्या पावाचा चुरा ऑलिव्ह ऑइल आणि लसणीत कढईत परतून घ्या आणि वरून भुरभुरवा. त्याने वरचं पाणीसुद्धा शोषलं जातं. लेकीला हे सगळ्यात जास्त आवडलं, ती चुरा चमच्याने खाते.

आता जिताडा, ज्यासाठी एवढं सगळं लिहायला घेतलं.

जानेवारीत सासूबाई आल्या होत्या. त्यांचं माहेर पेणच्या खारेपाटातलं, तिथे तळ्यात जिताडे सोडायचे, वर्ष-दोन वर्षं वाढवायचे आणि पाहुणा आला, जावई आला की काढायचा. त्यामुळे जिताड्यात त्यांना कोणी शिकवू शकत नाही. आम्ही दोघी बाजारात गेलो. कोळीण मावशी म्हणाली, "बाय, खारीचा हाय, रातीच काढलाय, कल्ले उघडून बघ." आईंनी कल्ले बघितले, पोटावर अंगठा दाबून बघितला, डोळे बघितले आणि मग भाव सुरू केला. ८०० ग्रॅमचा एक मिळाला, बासाच्या तिप्पट किंमत पडली. मी मावशीला खवलं काढून, पोट साफ करून, डोक्यासकट अख्खा ठेवायला सांगितला तर आई म्हणाल्या, "अगं, डोकं कालवणाला काढ की." मी म्हटलं, "आई, ह्या वेळी राहू दे, डोक्यासकट भाजला की रस आत राहतो."

बटाटे काचऱ्यांना चिरतो त्याहून किंचित जाड, तेल, मीठ आणि ठेचलेला लसूण लावून आधी एकटेच पंचवीस मिनिटं भाजले. मग त्यावर जिताडा, दोन्ही बाजूंनी तीन-तीन चिरा, पोटात लिंबाच्या चकत्या आणि पार्सलीचे देठ, बाजूने ऑलिव्ह आणि अर्धे केलेले चेरी टोमॅटो, वर तेलाची धार. हळद नाही, आलं नाही, आईंना ते अजिबात पटत नव्हतं, त्या दोनदा मसाल्याचा डबा घेऊन आल्या. २०० ला २६ मिनिटं. आणि इथे पाण्याचा प्रश्नच आला नाही, कारण एक तर ताजा जिताडा पाणी फारसं सोडतच नाही, आणि जे काही सुटलं ते बटाट्यांनी पिऊन टाकलं. ते बटाटे! माशाचा रस, तेल, ऑलिव्हचा खारटपणा सगळं त्यात उतरलेलं, खालचा थर करकरीत. माशाचे पांढरे मोठे पापुद्रे चमच्याने सुटत होते. नेपल्सच्या वेटरसारखं नाही पण मीही मधला काटा अख्खा उचलला.

आई पहिले दोन घास काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गोड आहे. मसाल्यात हा गोडवा कळत नाही." आणि मग गालाचं मांस स्वतःहून काढून नातीला दिलं. पाच स्टार, आणि मी सहसा पाच देत नाही.

अलिबाग-पेणकडे ज्यांची माणसं आहेत त्यांनी नक्की करा. गोव्यात हाच चोणक, तिथे रवा लावून तळतात आणि तोही मला प्रचंड आवडतो, पण एकदा असा करून बघा. बंगाली दुकानात भेटकी फिलेट मिळते, तीही हीच जात, काटा नको असेल तर तो मधला मार्ग, बासापेक्षा महाग पण कितीतरी सरस. पापलेट मी ह्या पद्धतीने एकदा केलं, चांगलं झालं, पण पातळ असल्यामुळे दोन मिनिटं चुकली की कोरडं पडतं आणि एवढ्या महाग माशावर मला तो धोका नको वाटतो.

रवसाच्या तुकड्या मात्र दुसऱ्या प्रकारात छान लागतात. नेपल्सकडे माशाचा एक प्रकार आहे, आक्वा पात्सा, शब्दशः वेडं पाणी. त्यात पाणी मुद्दाम घालतात. खोलगट भांड्यात तेल, लसूण, एक सुकी मिरची, चेरी टोमॅटो, कपभर पाणी, असेल तर अर्धा कप नाशिकची कोरडी व्हाइट वाइन, नसेल तर थोडं लिंबू, हे उकळवून त्यात तुकड्या अर्ध्या बुडतील अशा ठेवायच्या आणि ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं. माशाचा अर्क आणि तेल मिळून रस्सा दुधाळ होतो. आम्ही पावाबरोबर खाल्ला, नवऱ्याने उरलेला भातावर घेतला आणि तो म्हणतो भातावरच जास्त चांगला.

एक छोटं पण महत्त्वाचं. माशाची पुडी करून भाजायची पद्धतही इटलीत आहे, त्यासाठी बेकिंग पेपर घ्या. साधा बटर पेपर घेऊ नका, माझा कडेने जळाला. आणि टोमॅटो-लिंबू असताना ॲल्युमिनियम फॉईल थेट माशाला लावू नका, आंबटामुळे फॉईलला काळे डाग पडतात आणि चवीला धातू लागतो. बासा पुडीत तर अजिबात नको, वाफ कोंडली की परत तेच पाणी.

आता जून-जुलैत मासेमारी बंद होईल, मावशीकडे तळ्याचं काही आलं तर आलं. तेव्हासाठी फ्रीजरमध्ये बासाची दोन पाकिटं आणून ठेवली आहेत, फॉस्फेट नसलेली, ग्लेझिंग दहा टक्के लिहिलेली. टोमॅटोचा सॉस तेल सुटेपर्यंत आटवून डब्यांत भरून फ्रीजरला टाकलाय, केपर्सची अर्धी बरणी शिल्लक आहे. आईंनी पेणला फोन करून सांगून ठेवलंय की गणपतीनंतर तळं काढाल तेव्हा एक किलोच्या आतला जिताडा आमच्यासाठी बाजूला ठेवा, मोठा नको, सुनेच्या ओव्हनमध्ये बसत नाही.